दोराला हात सगळ्यांचे, ओढ कुणाची?

«मी मूळची मिरजेकडची. चार वर्षांपूर्वी नेमणूक झाली आणि मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागले. नववीच्या वर्गात ३२ मुलं आहेत. साधारण निम्मी बंदराकडच्या वाडीतली, निम्मी वरच्या, बागायतदारांच्या वाडीतली. यंदा कांदळवनावर गटप्रकल्प दिला आणि गट मुलांनाच पाडू दिले. ते वाडीप्रमाणे पडले. एका गटात सगळं काम एकाच मुलीने केलं. माहिती तिने जमवली, तक्ते तिने काढले, वहीसुद्धा तिनेच लिहिली. गुण मात्र चौघांना सारखे, २० पैकी १८. ती येऊन म्हणाली, ‘बाई, पुढच्या वेळेक माका गट नको.’ मग मी एक, दोन, तीन असे आकडे मोजून मिश्र गट केले, तर तिसऱ्याच दिवशी वाडीवरून भांडण झालं. एक पालक येऊन सांगून गेले की आमच्या मुलाला त्यांच्यात बसवू नका. त्यांचा मुलगा तसाही गटात तोंड उघडत नाही. तो वडिलांबरोबर खाडीत जाळं टाकायला जातो म्हणे, पण प्रकल्पात त्याचा एक शब्द नाही. सहकारी म्हणतात, गटबिट सोडा, ज्याचं त्याला करू द्या. मी गटकार्य बंद करू का? की माझंच काही चुकतंय?»
— एक बाई, मालवण तालुका

प्रिय बाई,

मुलं तुम्हाला ज्या नावाने हाक मारतात तेच मीही वापरते.

गटकार्य बंद करू नका. बंद करायचंच असेल तर सगळ्या गटाला मिळून एकच गुण देणं बंद करा, आणि तेही उद्यापासून. त्या मुलीचा राग रास्त आहे. तिच्या कष्टाचे चार समान वाटे झाले आणि त्यात तिला कुणी विचारलंही नाही. बाकीच्या तिघांनाही त्या दिवशी एक धडा मिळालाच, की कुणीतरी करणारं असलं म्हणजे आपण न करून भागतं. हा धडा पाठ्यपुस्तकात नाही, तरी मुलं तो फार लवकर शिकतात आणि पुढे नोकरीत, घरात, गावच्या बैठकीत जन्मभर वापरतात.

हे मी वरून बोलत नाही, माझ्या हातून हेच झालेलं आहे. अध्यापक विद्यालयात शिकवत असताना मी पाठांच्या नियोजनाचं काम गटाला देई आणि गुण सगळ्यांना एकच. एका वर्षी दापोलीकडच्या एका मुलीने गटातलं सगळं काम एकटीने ओढलं. बाकीच्या तिघी त्याच आठवड्यात गावच्या जत्रेला जाऊन आल्या. मला ते दिसत होतं. ‘आपसात मिटवा’ एवढंच म्हणून मी बाजूला झाले. निरोपाच्या दिवशी ती पाया पडली आणि शांतपणे म्हणाली, ‘बाई, तुम्हाला माहीत होतं ना?’ मला काही बोलता आलं नाही. एकत्र गुण देणं मी त्यानंतर सोडलं, पण तिचं जे गेलं ते काही परत देता आलं नाही.

तुम्ही ज्या किनाऱ्यावर राहता तिथे अजूनही कधीमधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायचं मोठं जाळं, लागते. पर्ससीन आणि ट्रॉलरच्या, म्हणजे यांत्रिक मासेमारीच्या, दिवसांत ती फार कमी झाली आहे, पण कुठे दिसलीच तर तासभर वाळूत उभं राहून बघा. माझं आजोळ त्याच बाजूचं, त्यामुळे मी ती खूपदा पाहिली आहे आणि दोराला हातही लावला आहे. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात मोठं अर्धवर्तुळ घालते. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर राहिलेला असतो, दुसरा होडी बऱ्याच अंतरावर आणून देते. दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि टाच वाळूत रोवून, पावलापावलाने मागे सरत ओढतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात. रांगेच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पुन्हा पाण्याजवळ येतो आणि तिथून दोर धरतो. त्यामुळे त्या रांगेत कायमचा पुढचा कुणी नसतो आणि कायमचा मागचाही कुणी नसतो. शेवटी मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. आम्ही पोरं नुसती लोंबकळायचो, तरी आमच्या हातावर चार तारल्या किंवा एखादा बांगडा पडायचाच, आणि ती मासळी घरी नेताना वाटणारा अभिमान मला अजून आठवतो.

योगायोग असा की माणसं एकत्र आली म्हणजे जोर वाढतो की कमी होतो, याचं जुन्यातलं जुनं मोजमापही दोर ओढण्यावरच झालं आहे. फ्रान्समधल्या माक्स रिंगेलमान नावाच्या शेतकी अभियंत्याने १८८०च्या दशकात माणसांना एकेकटं आणि मिळून ओढायला लावून जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणशी ओढ कमी कमी होत गेली. आधी वाटलं, सगळ्यांची ओढ एकाच क्षणी पडत नाही म्हणून असं होत असेल. त्याचाही वाटा असतो. पण १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी एक युक्ती केली. माणसाचे डोळे बांधून त्याला दोराला पुढे उभं केलं आणि सांगितलं की मागे आणखी माणसं ओढताहेत. मागे खरं तर कुणीच ओढत नव्हतं. तरी त्याची ओढ ढिली पडली. मागे कुणी आहे एवढं ठाऊक असणंच पुरे झालं.

तुमच्या गटातले ते तिघे आळशी आहेत असं मी म्हणूनच लगेच म्हणणार नाही. पुढे १९८१ मध्ये याच विषयावर झालेल्या प्रयोगात लोकांना मिळून आरडाओरडा करायला लावला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं तेव्हा ढिलाई जवळजवळ नाहीशी झाली. माणसं तीच होती, फक्त आपण दिसतो आहोत हे त्यांना कळलं. रापणीत हे मुळातच असतं. प्रत्येकाची पाठ प्रत्येकाला दिसते, वाडीतला प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, वाटा हातात पडतो आणि पाळीपाळीने पाण्याजवळची जागा येते. ‘सगळ्यांनी मिळून कांदळवनावर प्रकल्प करा’ या वाक्यात यातलं काहीच नाही, बाई. कुणी काय करायचं ते त्यात नाही आणि कुणी काय केलं ते दिसायची सोय नाही. दोर दिला, पण कुठे धरायचा ते सांगितलं नाही. मग ज्या मुलीला गुणांची काळजी जास्त, ती धरते.

तुमचं दुसरं दुखणं मला जास्त अवघड वाटतं. आकडे मोजून मिश्र गट केले आणि भांडण झालं, हे तुम्ही अपयश म्हणून लिहिलं आहे. तसं होणारच होतं. आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे की मुलांना शेजारी बसवलं, एकत्र डबा खायला लावला की मनं जुळतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचं एक शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट केले, मुलांनी आपापल्या गटाला नाव घेतलं, आणि मग बक्षिसांच्या चढाओढी लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. परिणाम असा की जेवणाच्या वेळी दोन्ही बाजूंनी अन्न फेकाफेकी झाली. जवळ आणल्याने वैराला नवी जागा मिळाली, इतकंच. (मुलांना अंधारात ठेवून मोठ्यांनी मुद्दाम हे वैर पेटवलं, यावर पुढे टीका झाली आणि ती मला पूर्ण पटते. आज असं कुणी करू नये.)

वैर निवळलं ते वेगळ्याच वाटेने. शिबिराचं पाणी बंद पडलं. पाण्याची वाट शोधायला दोन्ही गटांना मिळून निघावं लागलं. एकदा खाण्याचं सामान आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा दोन्ही गटांनी मिळून तो दोराने ओढला. तो दोर तोच होता, ज्याने ते आधी एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळले होते. असं एकदा होऊन भागलं नाही, पुन्हा पुन्हा व्हावं लागलं. पण शेवटी मुलं एकाच बसने घरी परतली आणि एका गटाने जिंकलेले पैसे सगळ्यांच्या पेयांवर खर्च केले.

म्हणजे तुम्हाला असं काम शोधायला हवं की जे एका वाडीच्या मुलांना दुसऱ्या वाडीशिवाय पुरंच करता येणार नाही. कांदळवन हा विषय तुम्ही चांगला निवडला आहे, पण ‘कांदळवनाची माहिती’ हे काम एकटी हुशार मुलगी पुस्तकातून उरकू शकते. त्याऐवजी प्रश्न द्या: ‘आपल्या खाडीवरचा खारबंधारा (खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध) फुटला तर काय काय बदलेल?’

असा प्रश्न दोन्ही वाड्यांच्या घरात शिरतो. वरच्या वाडीतल्या एखाद्या घरचं भातशेत खाऱ्या पाण्याने गेलं असेल. कुणाच्या आजोबांना उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, कधी उघडायची आणि कधी मिटायची ते ठाऊक असेल. पडीक शेतात तिवर (कांदळवनातलं एक झाड) शिरली आणि आता ती तोडताही येत नाही, ही तक्रारही त्या मुलांनी घरी ऐकलेली असेल. बंदराकडच्या मुलांना तीच तिवर वेगळी दिसते. तिच्या मुळांत सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्या (खेकडे) वाढतात, कालवं तिथेच मिळतात, आणि कांदळवन गेलं की खाडीतली मासळी कमी होते हे त्यांच्या घरी रोज बोललं जातं. दोघांचंही खरं आहे आणि दोघांचंही अर्धं आहे. पाठ्यपुस्तकात यातलं कितीसं असणार?

आता बांधणी. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात आणल्यावर वर्गात रोज तणाव असे. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तेव्हा धड्याचेच तुकडे केले. प्रत्येक मुलाच्या हाती एकच तुकडा. बाकीचे तुकडे गटातल्या इतरांकडून ऐकल्याशिवाय धडा कुणालाच कळणार नाही, आणि परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची. चित्राचे तुकडे जोडण्याच्या कोड्यावरून तिला जिगसॉ पद्धत म्हणतात. तुमच्या ३२ मुलांत ती नेमकी बसते.

चौघांचे आठ गट करा, प्रत्येकात दोन्ही वाड्यांची दोन-दोन मुलं. प्रश्नाचे चार तुकडे. पहिला पाण्याचा: भरती-ओहोटी, उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), खारं पाणी कुठवर चढतं. दुसरा झाडाचा: तिवर, चिप्पी, कांदळ ओळखायची कशी, तिवरीची मुळं चिखलातून वर का येतात, तिच्या पानावर मीठ का दिसतं, कांदळाचं बी झाडावरच का रुजतं. पांढरी चिप्पी हा २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, हेही त्यांना सांगा, मुलांना अशा गोष्टीचा अभिमान वाटतो. तिसरा तुकडा बांधाचा आणि शेताचा. चौथा पोटाचा, म्हणजे खाडीवर कोणाकोणाचं घर चालतं त्याचा.

प्रत्येक गटातल्या एकाला एक तुकडा द्या. मग एकाच तुकड्याची आठ मुलं दोन टेबलांवर चौघं-चौघं बसतील, घरून विचारून आणलेलं आणि पुस्तकातलं जुळवतील, आणि आपल्या गटात परत जाऊन शिकवायचं कसं ते ठरवतील. हा मधला टप्पा गाळू नका. ज्याला बोलायची भीती वाटते त्याची तयारी इथेच होते. मग मुलं आपापल्या गटात परततील आणि एकमेकांना शिकवतील. शेवटी प्रत्येकाची वेगळी, चारही तुकड्यांवरची छोटी चाचणी. गुण ज्याचे त्याला. गटप्रमुख नेमू नका. आपण नेमतो तो नेहमी वर्गातला हुशार मुलगा किंवा मुलगी असते, आणि नेमताक्षणी बाकीच्यांचे हात दोरावरून सुटतात. वेळ पाळणारा, प्रश्न विचारणारा, वहीत लिहिणारा, सांगणारा अशी कामं ठेवा आणि ती दर तासाला फिरवा, रापणीच्या रांगेसारखी.

पहिले दोन-तीन तास वाईट जातील, ते धरूनच चाला. कुणी पुटपुटेल, कुणी हसेल, कुणी तुकडा घरी विसरेल. त्या वेळी तुम्ही धावून जाऊन तो तुकडा स्वतः शिकवलात तर सगळं मोडलं. फक्त जवळ जाऊन म्हणा, ‘याला जे माहीत आहे ते तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. चाचणी शुक्रवारी आहे. विचारा त्याला.’ हसणाऱ्याला हे पटकन कळतं.

त्या मुलीशी एकटीशी बोला, आणि सगळ्यांत आधी तिची माफी मागा. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागितली म्हणून मान जात नाही. तिला पुढचं काम वेगळं द्या म्हणून ती आली आहे, पण तिला गटाबाहेर काढू नका. तिलाही काहीतरी शिकायचं आहे: दुसऱ्याचं अक्षर वाईट असलं तरी तक्ता त्याच्या हातात राहू देणं. हुशार मुलांना हे फार जड जातं. तिला सांगा, ‘तुझा तुकडा तुझा, बाकीच्यांचा त्यांचा. त्यांचं चुकलं तर तुझे गुण जाणार नाहीत.’ ही हमी मिळाल्याशिवाय ती दोर सोडणार नाही, आणि तिने का सोडावा?

राहिला तो न बोलणारा मुलगा. पत्र वाचल्यापासून माझ्या मनात तोच आहे. १९५१ मध्ये सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या रेघांपैकी कोणती दुसरीएवढी लांब ते सांगायचं, उत्तर डोळ्यांना सरळ दिसणारं. पण गटातल्या बाकीच्यांना आधीच फितवलेलं, ते सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. खरोखरीच्या उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराच्या मागे गेले. मात्र गटातल्या आणखी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी मागे जाणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. सगळा गट बदलावा लागला नाही, सोबतीला एकजण पुरला. तुमच्या या मुलासमोर तर नुसती रेघ नाही. त्याच्या घरच्या भाषेला, त्याच्या हातांना लागलेल्या वासाला कुणीतरी कधीतरी हसलेलं असणार, हे मी पैजेवर सांगते.

म्हणून चर्चेआधी दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून आपापलं लिहायचं, असा नियम करा. मग वाचायला सुरुवात सगळ्यांत कमी बोलणाऱ्यापासून. मालवणीत सांगू द्या, मालवणीत लिहू द्या. प्रमाण भाषेत नंतर मांडता येईल. तुम्ही मिरजेकडच्या, चार शब्द तुम्हालाही अडतील. ते वर्गासमोर त्याला विचारा. आणि त्याच्या टेबलावर असा एक मुलगा किंवा मुलगी बसवा, जी त्याला हसत नाही. अशी एक वर्गात असतेच, तुम्हाला ती नक्की माहीत असेल.

त्याला तुकडा पाण्याचा द्या. खाडीवर जाणाऱ्या घरात भरतीचं गणित असतं, ते घड्याळाआधीचं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे का सरकते, हे पुढे विज्ञानात तुम्ही चंद्रावरून समजावून सांगाल, पण सुरुवात त्याच्याकडून होऊ द्या. त्याला आज हे ठाऊक नसेल तर घरी विचारून येईल, आणि तो प्रश्न घरात गेला की त्या पालकांचीही बाजू बदलायला सुरुवात होईल.

त्या पालकांवर रागावू नका. आपलं पोर तिथे कमी लेखलं जातंय हे त्यांना दिसलं असणार, आणि ते खोटं नव्हतं. वाद घालायला बोलावू नका, अर्धा तास वर्गाला उधाण आणि भांग समजावून सांगायला बोलवा. वरच्या वाडीतल्या एखाद्या शेतकऱ्यालाही त्याच दिवशी उघाडीबद्दल सांगायला बोलवा. दोघं एका फळ्यासमोर उभे राहिलेले मुलांना दिसू द्या. ते एकमेकांशी किती बोलतील याची चिंता आत्ता करू नका.

खाडीवर मुलांना न्यायचंच आहे. मुळं आणि कुर्ल्यांची बिळं बघायला ओहोटी हवी, आणि शाळेच्या वेळेत, दुपारी ओहोटी हवी तर तिथी बघूनच दिवस धरावा लागेल. तो दिवस तुम्ही कॅलेंडर बघून ठरवू नका. त्या मुलाला फळ्यापाशी बोलवा आणि त्याला ठरवू द्या. दोन मोठी माणसं सोबत घ्या, त्यांतले एक त्याचे वडील असले तर उत्तम. मुलांना जुनी चप्पल घालून यायला सांगा, मुळं पायाला लागतात. आणि आल्यावर मला लिहा. तक्ते कसे झाले ते नाही कळवलं तरी चालेल. तो काय बोलला ते मात्र नक्की कळवा.